तौबा आणि आपाचा पाचवा हिस्सा

दरवर्षी शबे-बरातच्या, म्हणजे माफी मागण्याच्या पवित्र रात्री मी रडत असे. इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाल्यावर कब्रस्तानात जाऊन अम्मा-अब्बांच्या कबरींपाशी दुआ करायची, घरी परतून जानमाज (नमाजची चटई) अंथरायची आणि पहाटेपर्यंत इस्तिगफार, म्हणजे अल्लाहकडे क्षमायाचना, करत बसायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम होता. दुआसाठी हात उचलले की डोळे आपोआप भरून येत. त्या अश्रूंमध्ये खोटेपणा नव्हता, हे मी आजही सांगू शकतो. मात्र ज्या खोलीत मी जानमाज अंथरत होतो, ती खोली पूर्णपणे माझी नव्हती. अब्बांच्या पश्चात आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण, म्हणजे शरियतच्या हिशेबाने दोन, दोन आणि एक असे पाच वाटे. त्या फरशीच्या दर पाच लाद्यांमागे एक लादी माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची होती, आणि तिच्याच लादीवर बसून मी एकोणीस वर्षे अल्लाहकडे माफी मागत होतो.

हे सर्व असे उघडपणे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. आपले गुनाह, म्हणजे पापे, लोकांत सांगत फिरणे इस्लामला मान्य नाही. रात्री अल्लाहने ज्याचा दोष झाकून ठेवला आणि सकाळी उठून ज्याने स्वतःच ते पांघरूण काढून टाकले, अशा माणसाविषयी सहीह बुखारी ह्या हदीसींच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या, संग्रहात कठोर शब्द आले आहेत. बंदा (अल्लाहचा दास) आणि अल्लाह यांच्यामध्ये जे घडले, ते त्यांच्यामध्येच राहावे. तेथे कोणा मध्यस्थाची गरज नाही आणि कोणापुढे कबुलीजबाब देण्याची रीतही आमच्यात नाही. माझेही असे गुनाह आहेत आणि ते मी येथे लिहिणार नाही. परंतु बहिणीचा हिस्सा मी अंधारात घेतलेला नाही. त्याचा नोंदणीकृत दस्त झाला, त्यावर दोन साक्षीदारांनी सह्या केल्या आणि साऱ्या मोहल्ल्याने त्याला रीतभात म्हणून मान्यता दिली. जो अन्याय उघड्यावर झाला, त्याची दुरुस्तीही उघड्यावर व्हावी, असे मला वाटते. आपाची परवानगी मी घेतली आहे. ‘माझे नाव लिहू नकोस, बाकी खरे ते लिही,’ एवढेच ती म्हणाली.

अब्बा शिलाईकाम करत. विजापूर वेशीजवळ एका अरुंद खोलीत त्यांचे दुकान होते. आमच्या सोलापुरात गणवेशांच्या शिलाईचे काम मोठे. शाळा उघडण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत तर अब्बांना रात्री जेवायलाही वेळ मिळत नसे. त्या दिवसांत आपा त्यांच्या शेजारी बसून काजे करी, बटणे लावी, उरलेल्या चिंध्यांतून पिशव्या शिवी. मी तेव्हा शाळेत जात होतो आणि माझा धाकटा भाऊ रांगत होता. 1978 साली अब्बांनी दोन खोल्यांचे घर बांधले, त्यात आपाच्या बोटांना टोचलेल्या सुयांचाही वाटा होता. पुढे तिचे लग्न अक्कलकोटला झाले, मी मराठीचा शिक्षक झालो, 1999 मध्ये अम्मा गेली आणि 2003 मध्ये अब्बा गेले.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही हक्कसोडपत्र केले. मेहुणे तेव्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक होते आणि आपाच्या घरी ओढाताण होती, हे मला ठाऊक होते. ती सकाळच्या एसटीने आली. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही तासभर बसलो. तिने कागद वाचायला मागितला नाही, आणि मीही तो तिच्या हाती दिला नाही. सही झाल्यावर मी तिला एक साडी आणि पाच हजार रुपये दिले, आणि ते देताना आपण मोठ्या मनाचे आहोत असेच मला वाटले. बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटते, हे वाक्य मी आमच्या गल्लीत ऐकले होते तसेच शेजारच्या हिंदू मित्रांच्या घरीही ऐकले होते. ही रीत आम्ही कुरआनमधून घेतलेली नव्हती, ती आम्ही ह्या गल्ल्यांतूनच उचलली होती. कुरआनमध्ये तर सूरह निसा ह्या अध्यायाच्या सातव्या आयतीत (वचनात) स्पष्ट सांगितले आहे की आईबापांनी आणि नातलगांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही हिस्सा आहे, मग ती संपत्ती थोडी असो वा अधिक. हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. बापाने डोळे मिटताच तो मुलीचा होतो. भावाने तो ‘देण्याचा’ प्रश्नच उद्भवत नाही.

ही आयत मला माहीत नव्हती असे नाही. ती मी अनेकदा वाचली होती.

पुढे धाकट्या भावाने पुण्यात संसार थाटला आणि त्याच्या वाट्याचे पैसे घेऊन घर माझ्या नावावर केले. मी वर एक मजला चढवला. मुले शिकली. शबे-बरात येत राहिली, रमजान येत राहिला, आणि मी तौबा करत राहिलो.

‘तौबा’ हा शब्द मराठीत ‘तोबा तोबा’ म्हणून इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ आपल्या लक्षातच राहत नाही. अरबीमध्ये त्या धातूचा अर्थ आहे परतणे, माघारी फिरणे. मराठीत आपण त्यासाठी पश्चात्ताप म्हणतो, आणि वारकरी संतांच्या भाषेत अनुताप हा फार सुंदर शब्द आहे. पण ह्या दोन्ही शब्दांत ताप आहे, मागाहून मनाला लागणारी आग आहे. ती आग तौबेतही हवीच. नदामत, म्हणजे मनापासूनची खंत, हीच तौबा होय, अशी हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. तरीही शब्द निवडला गेला तो परतण्याचा. जो चुकीच्या वाटेने गेला आहे, त्याला नुसते त्या वाटेवर बसून पोळून घेणे पुरेसे नाही. त्याला उठून मागे चालत यावे लागते. मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा फरक साठाव्या वर्षी कळावा, याचे मला दुःख होते. मी एकोणीस वर्षे पोळत होतो, पण जागचा हललो नव्हतो.

तेराव्या शतकातील थोर विद्वान इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ ह्या संग्रहात तौबेच्या अटी फार नेमकेपणाने मांडल्या आहेत. गुनाह केवळ बंदा आणि अल्लाह यांच्यामधला असेल तर तीन अटी आहेत: तो गुनाह तत्काळ सोडावा, केल्याची खंत असावी आणि पुन्हा कधीही तिकडे न वळण्याचा निश्चय असावा. मात्र गुनाह एखाद्या माणसाच्या हक्काशी निगडित असेल तर चौथी अट येते, ती म्हणजे त्या माणसाच्या हक्कातून मोकळे होणे. मालमत्ता घेतली असेल तर ती परत करावी. अब्रूला धक्का लावला असेल तर त्याची माफी मागावी. ह्यांपैकी एकही अट राहिली तर तौबा पूर्ण होत नाही. माझी तर पहिलीच अट पुरी होत नव्हती, कारण दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवणे हा एकदा घडून संपलेला गुनाह नसतो. ती परत करेपर्यंत तो रोज घडत राहतो. सकाळी उठून मी त्या घराचे दार उघडत होतो, तेव्हा तो घडत होता.

2022 मध्ये मी निवृत्त झालो आणि 2023 च्या रमजानमध्ये प्रथमच शेवटचे दहा दिवस एतेकाफला बसलो. मशिदीच्या एका कोपऱ्यात चादर बांधून केलेल्या आडोशात दहा दिवस राहायचे, बाहेरच्या कामांशी संबंध ठेवायचा नाही आणि इबादत करायची, असे त्याचे स्वरूप असते. मी कुरआन मराठी भाषांतरासह सुरुवातीपासून वाचायला घेतला. सूरह निसामधील वारसाच्या आयतींपाशी पोचलो तेव्हा ह्या वेळी मी पुढे सरकलो नाही. अकराव्या आणि बाराव्या आयतीत मुलगा, मुलगी, आई, बाप, नवरा, बायको यांचे हिस्से अपूर्णांकांसह दिले आहेत. जो ग्रंथ नमाजच्या रकातींची (आवर्तनांची) संख्या सांगत नाही, त्या ग्रंथाने मुलीचा वाटा मात्र आकड्यात लिहून ठेवला आहे, हा विचार माझ्या मनात आला आणि मी थांबलो. लगेच पुढच्या दोन आयतींत म्हटले आहे की ह्या अल्लाहने आखलेल्या मर्यादा आहेत. जो त्या पाळेल त्याच्यासाठी जन्नत आहे, आणि जो त्या ओलांडेल त्याच्यासाठी आग आणि मानहानीची शिक्षा आहे. ह्या आयतींत दारूविषयी किंवा जुगाराविषयी काही नाही. त्या वारसाहक्काच्या हिशेबाला जोडून आलेल्या आहेत.

त्या रात्री तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधील रात्रीच्या विशेष नमाजनंतर, मी मौलानासाहेबांना माझी हकिकत सांगितली. ते माझ्यापेक्षा वयाने पंचवीस वर्षांनी लहान आहेत. मी म्हणालो, ‘मौलाना, तिने स्वखुशीने सही केली होती.’ त्यांनी शांतपणे विचारले, ‘चाचा, त्या दिवशी त्या नाही म्हणू शकल्या असत्या का?’

मी उत्तर देऊ शकलो नाही. कोणत्याही मुसलमानाचे धन त्याच्या मनाच्या खुशीशिवाय दुसऱ्याला हलाल होत नाही, ही हदीस त्यांनी सांगितली आणि म्हणाले की बहिणीला तिचा हिस्सा आधी हातात द्यावा, तो तिच्या कब्जात जाऊ द्यावा, आणि त्यानंतर तिने कोणत्याही दडपणाशिवाय तो परत दिला तरच त्याला खुशी म्हणता येईल. माहेर तुटण्याच्या भीतीने केलेली सही ही भीतीची सही असते.

मग त्यांनी ‘मुफलिस’ची हदीस वाचून दाखवली. ती मी पूर्वी ऐकली होती, पण त्या रात्री ती माझ्यासाठी म्हटली गेली असे वाटले. प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सहाबांना, म्हणजे आपल्या सहकाऱ्यांना, विचारले की दिवाळखोर कोण हे तुम्हाला माहीत आहे काय? ते म्हणाले की ज्याच्याकडे दिरहम नाही आणि सामानसुमान नाही, तो आमच्यात दिवाळखोर. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की माझ्या उम्मतीतील (अनुयायांतील) दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचे धन खाल्लेले असेल, कोणाचे रक्त सांडलेले असेल, कोणाला मारलेले असेल. मग त्याची पुण्ये ह्याला आणि त्याला वाटून दिली जातील, आणि हिशेब चुकता होण्याआधीच ती संपली तर त्या लोकांचे गुनाह त्याच्यावर लादले जातील आणि त्याला आगीत टाकले जाईल. सोलापूरकरांना दिवाळे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. भोंगा बंद झालेल्या गिरण्या आम्ही पाहिल्या आहेत, भंगारात निघालेले माग पाहिले आहेत. मात्र कपाळावर सजद्याची खूण असलेला, रोजे धरणारा, दरवर्षी जकात काढणारा माणूस कंगाल होऊन उभा आहे आणि त्याच्या नमाजांची मोजदाद होऊन त्या त्याच्या बहिणीच्या पदरात टाकल्या जात आहेत, हे चित्र मी कधी डोळ्यांसमोर आणले नव्हते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तौबेचे अर्धेच वर्णन केल्यासारखे होईल. त्या रात्री मी फार खचलो, आणि खचणे हासुद्धा एक धोका असतो. सूरह जुमरच्या 53 व्या आयतीत अल्लाह म्हणतो की स्वतःवर अत्याचार करून बसलेल्या माझ्या बंद्यांनो, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, अल्लाह सर्व गुनाह माफ करतो. ‘माझे बंदे’ हे संबोधन त्याने गुनाहगारांसाठी वापरले आहे. बंदा तौबा करतो तेव्हा अल्लाहला किती आनंद होतो, हे सांगणारी हदीस तर ऐकताना अंगावर काटा येतो: ओसाड वाळवंटात एका माणसाचा उंट त्याच्या अन्नपाण्यासह हरवतो, तो आशा सोडून एका झाडाच्या सावलीत मरणाची वाट पाहत आडवा होतो, आणि अचानक उंट समोर उभा दिसतो. हर्षाच्या भरात त्याची जीभ चुकते आणि तो म्हणून जातो, ‘अल्लाह, तू माझा बंदा आणि मी तुझा रब!’ एवढा आनंद त्या माणसाला होतो, आणि बंद्याच्या परतण्याने अल्लाहला त्याहून अधिक होतो. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. माणसाच्या तोंडून झालेली एवढी मोठी चूक त्या हदीसीत तशीच ठेवली आहे, तिला कोणी दोष दिलेला नाही, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

मात्र दयेच्या ह्या कथांचा मी गैरवापरही केला होता. नव्याण्णव खून केलेल्या माणसाची कथा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तो एका आबिदाकडे (उपासकाकडे) जाऊन विचारतो की माझी तौबा होऊ शकेल काय? आबिद नाही म्हणतो, तेव्हा तो त्यालाही मारून शंभर पुरे करतो. मग तो एका आलिमाकडे (विद्वानाकडे) जातो. आलिम म्हणतो की तुझ्या आणि तौबेच्या आड कोण येणार? पण तू हा गाव सोड. अमक्या ठिकाणी अल्लाहची इबादत करणारे लोक आहेत, तेथे जा, पुन्हा येथे येऊ नकोस. तो निघतो आणि वाटेतच त्याला मरण गाठते. दयेचे आणि शिक्षेचे फरिश्ते त्याच्यावरून वाद घालतात, जमीन मोजली जाते, आणि तो चांगल्या लोकांच्या गावाकडे वीतभर जवळ निघतो. मी स्वतःची समजूत घालत असे की शंभर खून करणारा माफ झाला, तर माझे काय एवढे मोठे? मौलानांनी मला दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक, तो माणूस मेला तेव्हा चालत होता. दुसरी, त्याने ज्यांना मारले त्यांच्यापर्यंत तो पोचू शकत नव्हता. अशांचा हक्क अल्लाह आपल्याकडून भरून देऊन त्यांना राजी करील, असे हदीसचे भाष्यकार म्हणतात. माझी बहीण जिवंत होती. ती अक्कलकोटला होती, एसटीने तासाभराच्या अंतरावर.

ईद झाली आणि तिसऱ्या दिवशी मी गेलो. तत्पूर्वी घराची किंमत काढून घेतली होती. मी नंतर बांधलेला मजला वगळून जागा आणि जुन्या खोल्या मिळून पस्तीस लाख रुपये झाले, त्यांचा पाचवा हिस्सा सात लाख. हा आकडा कागदावर लिहिलेला पाहिला तेव्हा माझा हात थरथरला, हेही मी लपवत नाही. निवृत्तीचे पैसे बँकेत होते. मुलीच्या लग्नासाठी म्हणून ते ठेवले होते. पत्नीने आकडा पाहिला, थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘दुसऱ्याच्या पैशाने आपल्या मुलीचे लग्न कशाला करायचे?’ धाकट्या भावाला फोन केला, तर त्याने विषय टाळला. त्याचा हिशेब त्याचा. घर माझ्या ताब्यात होते, म्हणून हिस्सा मी पूर्ण द्यायचा असे ठरवले.

आपाने नेहमीप्रमाणे चहा केला, शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली. आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो. वाटेत मी मराठीत, उर्दूत, कितीतरी वाक्ये जुळवली होती, पण तोंडून एवढेच निघाले, ‘आपा, मेरेकू माफ करो.’ मग मी सगळे सांगितले: हक्कसोडपत्राचा दिवस, लिंबाचे झाड, तिला न दाखवलेला कागद, घरात तिचा पाचवा हिस्सा आजही आहे हे, आणि तिला खोली हवी असेल तर खोली, किंमत हवी असेल तर किंमत, जे ती म्हणेल ते. ती माझ्याकडे न बघता ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. नंतर म्हणाली, ‘इत्ते सालां कैकू लगे रे तेरेकू?’

इतकी वर्षे तुला का लागली? त्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

त्या दुपारी मला एक गोष्ट प्रथमच कळली. 2011 मध्ये माझा भाचा सोलापूरला पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याच सुमारास मेहुण्यांना अपघात झाला. फी भरणे जमले नाही, भाच्याने शिक्षण सोडले आणि तो एका गॅरेजमध्ये लागला. त्या वर्षी आपाने मला फोन केला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलून तिने ठेवून दिला होता. तिला काय विचारायचे होते ते मला आता समजले. मी सात लाख देऊ शकत होतो, पण 2011 हे वर्ष मी कोठून आणून देणार? मुलगा आता तिशीत आहे, त्याचे हात ग्रीसने काळे झालेले असतात, आणि तो मला अजूनही अदबीने मामू म्हणतो. तौबेवरच्या पुस्तकांत परत करता येण्याजोग्या गोष्टींविषयी पुष्कळ लिहिलेले असते. जे परत करता येत नाही त्याच्यासाठी इस्तिगफार आहे, ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी दुआ आहे, जमेल तेवढी सेवा आहे. पण भरपाई झाली असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. तो असलाच तर त्या मुलाला आहे.

आपाने त्या दिवशी माफ केले असे म्हटले नाही. ‘मला थोडे दिवस दे,’ म्हणाली. परतीच्या बसमध्ये मला थोडा राग आला, हे कबूल करतो. मी स्वतःहून आलो, पैसे देतो म्हणालो, पाया पडायचे तेवढे राहिले, आणि तरीही? पण मागणाऱ्याने दिवस मोजायचे नसतात. मला प्रेषितांचे एक सहकारी कअब बिन मालिक रजियल्लाहु अन्हु यांची आठवण झाली. नवव्या हिजरी वर्षी तबूकच्या मोहिमेला ते काहीही कारण नसताना गेले नाहीत. प्रेषित (स.) परत आल्यावर अनेकांनी खोट्या सबबी सांगितल्या आणि त्या वरवर स्वीकारल्या गेल्या. कअब यांनी खरे सांगितले, की मला कोणतीही अडचण नव्हती. मग त्यांच्याशी आणि त्यांच्यासारख्या आणखी दोघांशी बोलणे थांबवण्याचा हुकूम झाला. कोणी सलामाचे उत्तर देईना. चाळीस दिवसांनंतर पत्नीपासूनही दूर राहण्यास सांगितले गेले. एवढी विस्तीर्ण धरती त्यांच्यासाठी तंग झाली, असे सूरह तौबेच्या 118 व्या आयतीत म्हटले आहे. पन्नास दिवसांनी त्यांची तौबा कबूल झाल्याची आयत उतरली. त्या पन्नास दिवसांत कअब मशिदीत येत राहिले, सलाम करत राहिले आणि प्रेषितांचे ओठ उत्तरासाठी हलले की काय, ते चोरून पाहत राहिले. खरे बोलल्याबद्दल त्यांना लगेच बक्षीस मिळाले नाही. खरे बोलल्यावरच त्यांची प्रतीक्षा सुरू झाली.

आपाचा निरोप बाराव्या दिवशी आला. खोली नको, किंमत दे, आणि धनादेश माझ्या एकटीच्या नावाने काढ, असे तिने सांगितले. मी त्याच दिवशी जाऊन दिला.

आणखी एक काम उरले होते आणि ते पैशापेक्षा मला जड गेले. इतकी वर्षे नातेवाइकांत मी सांगत आलो होतो की आपाने हिस्सा आनंदाने सोडला, तिला गरजच नव्हती. माझे उदाहरण देऊन आमच्या नात्यातील आणखी दोन घरांत बहिणींच्या सह्या घेतल्या गेल्या. सूरह बकराच्या 160 व्या आयतीत सत्य लपवणाऱ्यांच्या संदर्भात तीन क्रियापदे एका ओळीत आली आहेत: ज्यांनी तौबा केली, ज्यांनी सुधारणा केली आणि ज्यांनी उघड करून सांगितले. तिसरे क्रियापद माझ्यासाठी होते. एका वलीम्याच्या (लग्नानंतरच्या मेजवानीच्या) जेवणानंतर सगळे नातेवाईक बसलेले असताना मी उभा राहिलो आणि सांगितले की आपाने खुशीने काही सोडले नव्हते, मी ते घेतले होते. कोणी काही बोलले नाही. एक चुलतभाऊ उठून बाहेर गेला आणि तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पाठीमागे केलेल्या ज्या निंदेची त्या माणसाला खबरही नाही, ती त्याला जाऊन सांगावी की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. सांगण्याने मन अधिक दुखावणार असेल तर त्याच्यासाठी दुआ करावी आणि जेथे वाईट बोललो तेथेच त्याचे चांगले बोलावे, असे अनेकांचे मत आहे. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता. खोटे जेथे बोललो होतो, तेथेच ते खोडायचे होते.

सूरह तहरीमच्या आठव्या आयतीत खऱ्या तौबेला ‘तौबतन नसूहा’ म्हटले आहे. नसूह म्हणजे निर्भेळ, ज्यात भेसळ नाही असे. आणि भाष्यकार ह्या शब्दाचा आणखी एक धागा दाखवतात, कारण अरबीत त्याच धातूचा अर्थ कपडा शिवणे असाही होतो. गुनाहामुळे जे फाटले ते शिवून देणारी तौबा. हा अर्थ वाचला तेव्हा मला अब्बांचे दुकान आठवले. फाटका सदरा दुरुस्तीला आला की ते लगेच मशीनखाली घालत नसत. प्रथम तो खिडकीच्या उजेडात धरत, उसवलेल्या शिवणीचे कच्चे दोरे एकेक करून उपसून काढत, फाटलेल्या कडा हाताने सारख्या करत, आणि मगच टाका घालत. मी एकदा त्यांना म्हणालो होतो की वरून टाका मारला तरी कोणाला दिसणार आहे? ते म्हणाले, ‘घालणाऱ्याला टोचतं.’ तो टाका त्यांच्या लेकीला एकोणीस वर्षे टोचत राहिला.

ह्या गोष्टीला आता दोन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. धनादेश वटला. त्यातून आपाने भाच्याला स्वतःचे गॅरेज टाकून दिले आणि उरलेले पैसे बँकेत ठेवले. मागच्या वर्षी तिने बकरी ईदला इकडे यायचे ठरवले आणि चार दिवस राहिली. अब्बांच्या खोलीत झोपली आणि सकाळी उठून अंगणात खुर्ची टाकून बसली. माफ केले, हा शब्द तिने अजून उच्चारलेला नाही आणि मीही तो पुन्हा मागितलेला नाही. बुखारीत आलेला सय्यिदुल इस्तिगफार, म्हणजे क्षमायाचनेची सर्वश्रेष्ठ दुआ, मी रोज सकाळी आणि संध्याकाळी वाचतो. त्यात बंदा अल्लाहला म्हणतो की तुझी माझ्यावरची देणगी मी मान्य करतो आणि माझा गुनाहही मान्य करतो, तर मला माफ कर, कारण तुझ्यावाचून गुनाह माफ करणारा कोणी नाही. ‘माझा गुनाह’ हे शब्द म्हणताना आता मला लिंबाचे झाड दिसते. जुम्याची (शुक्रवारची) नमाज झाली की मी आपाला फोन करतो. ती उचलते, जेवलास का म्हणून विचारते, भाच्याच्या कामाचे सांगते. मागच्या जुम्याला फोन ठेवण्यापूर्वी तिने त्या हक्कसोडपत्राची प्रत मागितली. तिला ते एकदा वाचायचे आहे, म्हणाली. मी ती झेरॉक्स करून आणली आहे आणि ह्या रविवारी घेऊन जाणार आहे.